करंगळीला तेल लागतच नाही: काजू कारखान्यातल्या एका हाताचं प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या एका छोट्या काजू प्रक्रिया कारखान्यात कटिंगचं काम करणाऱ्या ४३ वर्षांच्या बाईंचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. तालुक्यातले जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी झालेल्या सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या सत्रात, मी ते मांडलं. तिथे झालेली चर्चा मला प्रकरणाइतकीच महत्त्वाची वाटली, म्हणून दोन्ही एकत्र लिहिते आहे.

आपल्याकडच्या सीएमईबद्दल आधी थोडं. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट जमवावे लागतात. ते जमतात, त्याची अडचण नसते. त्वचारोगाच्या सत्रांत येतात केस गळणं, लेझर, मुरुमांचे डाग आणि सोरायसिसची नवी इंजेक्शनं. यातलं काही टाकाऊ नाही, सोरायसिस कोकणातही आहेच. पण देवगडचा बागायतदार, मालवणचा रापणकार (किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारा मच्छीमार), वेंगुर्ल्याची काजू फोडणारी बाई हे सोमवारच्या ओपीडीत हमखास दिसणारे हात त्या स्लाइडवर क्वचितच असतात. आयोजकांनी या वेळी व्याख्यानाऐवजी एकच रुग्ण घ्यायचं ठरवलं आणि माहिती टप्प्याटप्प्याने उघड करायची असं सांगितलं. जेवणाआधीची वेळ मिळाल्यामुळे कोणी पेंगलं नाही.

पहिला टप्पा: तक्रार

बाई नऊ वर्षं कटिंगवर. दोन्ही हातांच्या बोटांना आग, खाज, कातडी काळी पडून सोलते. हे तसं जुनंच दुखणं, पावसाळ्यात वाढणारं. आठ महिन्यांपूर्वी उजव्या करंगळीवर फोड आला, फुटला, चिघळला, भरला आणि पुन्हा आला. गावातल्या डॉक्टरांनी काजूच्या तेलाची ॲलर्जी सांगून गोळ्या आणि मलम दिलं. अंगठा आणि पहिल्या बोटाला बराच आराम पडला, करंगळी मात्र तशीच. मग मेडिकलमधून मागून आणलेली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब, ज्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. मध्ये घरचे उपाय म्हणून खोबरेल आणि कोकमाचं मुठेल. पुढे हाताला मुंग्या येतात म्हणून कोणी मानेचा एक्स-रे काढायला लावला. त्यात मणक्याची जी थोडी झीज त्या वयात बहुतेकांना दिसते ती दिसली आणि जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांचा एक कोर्स झाला.

इथे थांबून मी सगळ्यांना कागदावर निदान लिहायला सांगितलं. जवळपास प्रत्येकाने काजूच्या तेलाने झालेला कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे संपर्काने होणारा त्वचादाह, लिहिला. काहींनी सोबत 'जंतुसंसर्ग' जोडला, एकाने मधुमेह तपासा असं लिहिलं.

निदान चुकीचं नव्हतं, आणि या प्रकरणाची खरी गोची तीच आहे. बाईंना तेलाचा त्वचादाह होताच.

तेल, चीक आणि बिब्बा

काजूच्या टरफलात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असतात आणि त्यांत काळपट, दाट तेल भरलेलं असतं. त्यात ॲनाकार्डिक आम्ल, कार्डोल आणि कार्डानॉल असतात. ही रसायनं दोन प्रकारे त्रास देतात. कच्चं तेल थेट भाजतं, ते कोणाच्याही हाताला भाजेल. आणि काही जणांच्या शरीराला त्याची ओळख पटून ॲलर्जी बसते. मग थेंबभर तेलानेही हात सुजतो, पाणी येतं, कधी चेहऱ्यावर आणि पापण्यांवर पसरतं, कारण हात तिथे जातोच.

काजू, आंबा आणि बिब्बा हे तिन्ही एकाच कुळातले. आंब्याच्या देठाच्या चिकातली आणि बिब्ब्यातली रसायनं काजूच्या तेलाच्या नात्यातली असतात, त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही असू शकते. म्हणून कोकणात हातांच्या त्वचादाहाचा इतिहास घेताना तीन प्रश्न विचारायचे: काजू फोडता का, आंबा काढताना चीक बाधतो का, कधी बिब्बा उतला होता का? या बाईंना दर वैशाखात तोंडाभोवती पुरळ येत असे. लहानपणी पायाला काटा लागला तेव्हा आजीने बिब्ब्याचा चटका दिला होता, तो आठवडाभर उतला होता. ॲलर्जीची शक्यता त्यामुळे बळावते.

पॅच टेस्ट, म्हणजे पाठीवर नमुना चिकटवून ॲलर्जी पाहण्याची चाचणी, का केली नाही, हे सभेत एकाने विचारलं. दोन कारणं सांगितली. कारखान्यातलं कच्चं तेल पाठीवर लावून बघणं ही चाचणी नव्हे, ते भाजणं झालं. चाचणीसाठी ठरलेल्या प्रमाणात पातळ केलेला नमुना लागतो आणि तो ४८ तासांनी व पुन्हा ९६ तासांच्या आसपास वाचावा लागतो. दुसरं कारण पुढे येईल: बाईंना तोंडाने स्टेरॉइड सुरू करावं लागलं, आणि त्या काळात पॅच टेस्टवर विसंबता येत नाही.

दुसरा टप्पा: कामाची रीत

ही माहिती मिळवायला मला तपासणीच्या टेबलावरून उठून बाईंसमोर बसावं लागलं. मी म्हटलं, "काकी, समजा इथे मशीन आहे. कशी फोडता, दाखवा."

त्यांनी रिकाम्या हवेत दाखवलं. डाव्या हाताच्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने बी उचलायची, दोन पात्यांच्या मध्ये बसवायची. पायाने पेडल दाबायचं, पातं टरफलात शिरतं. उजव्या हाताने दांडा फिरवायचा की टरफल उकलतं. समोर बसलेली दुसरी बाई सुईने गर काढून घेते. माणूस कमी असेल तेव्हा तेही याच करतात. वाफेवर मऊ केलेल्या बीला पातं लागताच तेलाची चिळकांडी उडते ती डाव्या हाताच्या तीन बोटांवर. दांड्याला लागलेलं तेल उजव्या तळव्यावर पसरतं. हातांना आधी एरंडेल चोळतात किंवा राख लावतात. हातमोजे दिलेले असतात, पण मोज्याने बी निसटते, वेग कमी होतो, आणि मजुरी किलोवर असते. संध्याकाळी हात रॉकेलने पुसून मग साबण.

मी सभेत पडद्यावर दोन रिकामे हात काढले आणि विचारलं, तेल कुठे लागेल ते रंगवा. डाव्या हाताची तीन बोटं रंगली, उजव्याचा तळवा हलका रंगला. मग बाईंच्या हातांचा फोटो दाखवला. डावा हात रंगवल्याबरहुकूम होता: अंगठा आणि दोन बोटं काळी, भेगाळलेली, नखांच्या कडा सुजलेल्या. उजवा तळवा कोरडा, थोडा सोललेला. आणि उजव्या करंगळीच्या बाहेरच्या बाजूला फोड, शेजारी दोन जुने व्रण. ही जागा कोणीच रंगवली नव्हती.

सभागृहात मागच्या रांगेतून एक डॉक्टर म्हणाले, "दांडा धरताना करंगळीला तेल लागेल की." लागेल. पण मग ते तळव्याला सोडून एकट्या करंगळीला का फोडेल?

फोडाचा आकार मला अधिक खटकला. तेलाने आलेला फोड ओघळासारखा, कडा अस्पष्ट असलेला असतो. हा लांबट होता आणि एका बाजूची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. मी विचारलं, घरी स्वयंपाक चुलीवर की गॅसवर? चुलीवर, घावन्यांसाठी बिडाचा तवा. तव्याची कड आणि फोडाची कड जुळत होती.

"भाजलं तेव्हा कळलं नाही?"

"नाय मॅडम. हात आग करता सगळो, पण ह्या बोटाक कायच कळणा नाय. वास इलो तेवा बघितलंय."

आठ महिन्यांत हे वाक्य त्यांनी आधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण तसं कोणी विचारलं नव्हतं. आणि त्यांच्या लेखी न दुखणारं बोट ही तक्रार नव्हतीच. दुखणारी सात-आठ बोटं असताना न दुखणाऱ्याची तक्रार कोण करेल?

तिसरा टप्पा: नस

कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यामागच्या खाचेत अल्नर नस असते. कोपर आपटला की झिणझिणतं ती हीच. बाईंचा कोपर थोडा वाकवून दोन्ही बाजू एकदम चाचपल्या. डावी नस बोटाखाली जेमतेम लागत होती. उजवी सुतळीसारखी जाड होती, आणि दाबताच बाईंनी हात ओढला.

मग बॉलपेन. रुग्णाला आधी डोळे उघडे ठेवून दाखवायचं, की पेनचं टोक असं टेकवणार आहे, कळेल तिथे दुसऱ्या हाताच्या बोटाने दाखवा. मग डोळे मिटायला सांगायचे. पेन टोचायचा नाही, ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. अंगठा, तर्जनी, तळव्याचा मधला भाग इथे त्यांनी बरोबर जागा दाखवली. करंगळी आणि तळव्याची करंगळीकडची कड इथे त्या स्वस्थ बसून राहिल्या. पेन टेकवलेला आहे हे त्यांना कळत नव्हतं. अनामिकेची अर्धी बाजू कळत होती, अर्धी नाही. अल्नर नसेचा प्रदेश जिथे संपतो तिथेच रेघ पडत होती.

स्नायूंची ताकद पाहिली. करंगळी बाहेर ताणून धरायला सांगितली तर ती माझ्या बोटाच्या साध्या दाबानेही आत येत होती. कागद अंगठा आणि तर्जनीत पकडायला सांगितल्यावर अंगठ्याचं पेर वाकत होतं, म्हणजे नस काम टाळत असल्याने दुसरा स्नायू धावून येत होता. करंगळी आणि अनामिका विश्रांतीतही किंचित वाकलेल्या. हा बदल त्यांच्या लक्षात आला होता तो चार महिन्यांपूर्वी नवीन पॅकिंग सुरू झालं तेव्हा: पिशवीची कड धरता येत नव्हती.

उरलेलं शरीर तपासताना सोबत परिचारिका होती. उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला, कोपराच्या थोडं वर, तळहाताएवढा फिकट तांबूस चट्टा होता. बाईंना त्याची कल्पनाच नव्हती, कारण तो स्वतःला दिसत नाही. ऑक्टोबरची दुपार, ओपीडीत घामाच्या धारा, बाईंचा अख्खा दंड ओला आणि तेवढा चट्टा कोरडा ठणठणीत. त्यावर लव कमी, पेन टेकवलेला कळत नव्हता. आपल्या हवेत घाम ही फुकटची चाचणी आहे, आपण ती वापरत नाही. डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या हाडाच्या मानेवर कॉमन पेरोनियल नसही जाड लागली. त्या पायाची ताकद आणि संवेदना मात्र शाबूत.

चट्ट्यावर नक्की संवेदनाहीनता, आणि जाड झालेली नस व तिच्या प्रदेशात संवेदना व ताकद कमी. कुष्ठरोगाच्या तीन प्रमुख लक्षणांपैकी एक असलं तरी निदान होतं. बाईंकडे दोन होती.

सभेतले प्रश्न

पहिला प्रश्न अपेक्षितच होता. कुष्ठरोग संपला ना? डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठलं, हे खरं. त्या उद्दिष्टाचा अर्थ होता दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण. शून्य नव्हे. आजही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. दरम्यान स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणेचं काम सर्वसाधारण आरोग्य सेवेत मिसळलं गेलं. कल्पना योग्यच होती. पण ज्यांच्याकडे काम आलं त्यांच्या हातांना नस चाचपायची सवय लावायची राहून गेली. आजच्या तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी परीक्षेतल्या एका रुग्णापलीकडे हा आजार पाहिलेला नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

एक गृहस्थ म्हणाले, हे बाहेरून आलेल्या मजुरांमुळे. आंब्याच्या बागांवर नेपाळी राखणदार असतात, बांधकामांवर उत्तरेकडचे लोक. हे विधान कोकणात डेंग्यूपासून चोरीपर्यंत सगळ्याला लागू होतं. कुष्ठरोगाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो. संसर्गापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं, कधी वीस वर्षंही जातात. बाई लग्नानंतर बरीच वर्षं मुंबईत चाळीत होत्या. गावातल्या घरी सासरे आजारी होते, त्यांना काय होतं हे कोणालाच नीट सांगता आलं नाही. कुठून आला हे शोधणं बहुतेक वेळा निष्फळ असतं. घरात आणखी कोणाला आहे का, हे शोधणं निष्फळ नसतं.

मग एका अस्थिरोगतज्ज्ञाने चांगला मुद्दा मांडला: कोपराजवळ अल्नर नस दबण्याचा आजारही असतो, आणि कोपर टेबलावर टेकवून तासन्‌तास काम करणाऱ्यांत तो होतो. कटिंगवाल्यांत तो असणारच. बरोबर. मानेतली नस दबली तरी करंगळी बधिर होते, मधुमेहातही हात बधिर होतात. पण मधुमेहात बहुधा पायांपासून सुरुवात होते आणि मोजा घातल्यासारखी दोन्ही बाजूंना बधिरता असते. मानेच्या त्रासात नस जाड होत नाही. कोपराशी दबलेली नस थोडी फुगू शकते, तरी दंडावर घाम न येणारा चट्टा ती आणत नाही, आणि गुडघ्याची नस तर नाहीच नाही. काजू कामगारांत हातांच्या मुंग्यांचं आणखी एक कारण मनगटातली मीडियन नस दबणं, पण त्यात अंगठ्याकडची बोटं बधिर होतात, करंगळी सुटते. अल्नर की मीडियन, हे दोन मिनिटांत पेनने कळतं. ते न करता मानेचा एक्स-रे काढला जातो, कारण एक्स-रेची चिठ्ठी लिहायला पेन टेकवण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

मेडिकलमधल्या ट्यूबवरही बोलणं झालं. स्टेरॉइड मलमं २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली गेली. बाईंना ती चिठ्ठीशिवायच मिळाली. दंडावर त्यांनी ट्यूब लावली नव्हती, म्हणून चट्टा जसाच्या तसा सापडला. लावली असती तर लाली मावळून तो पुसट झाला असता आणि निदान आणखी लांबलं असतं. करंगळीवर मात्र महिनोन्‌महिने लागल्याने कातडी पातळ झाली होती, त्यामुळे तव्याचा चटका अधिक खोल गेला.

जेवणानंतरचं सत्र मी घेतलं नाही. जिल्ह्यातल्या कुष्ठरोग तंत्रज्ञांपैकी एकांनी घेतलं. सभागृहात पदव्यांच्या उतरंडीत ते सगळ्यात खाली बसले असते, आणि नस चाचपण्यात सगळ्यात वर. त्यांनी डॉक्टरांच्या जोड्या लावल्या आणि एकमेकांचे कोपर पकडायला लावले. सुरुवातीला हशा, मग शांतता, कारण बऱ्याच जणांना नस सापडेना. ते टेबलाटेबलावर जाऊन बोटं जागेवर बसवत होते: "साहेब, खाचेत नाही, खाचेच्या थोडं वर. दाबू नका, आडवी फिरवा." एका ज्येष्ठ डॉक्टरांना स्वतःची नस सापडल्यावर झालेला आनंद मी लेझरच्या कुठल्याही प्रात्यक्षिकात पाहिलेला नाही. सीएमईचे क्रेडिट मोजताना असल्या तासाला आणि स्लाइडच्या तासाला एकच वजन मिळतं, हे मला पटत नाही.

उपचार

चट्ट्याच्या कडेची बायोप्सी कोल्हापूरला पाठवली. अहवालात मज्जातंतूंभोवती पेशींच्या गाठी, म्हणजे कुष्ठरोगाचा बॉर्डरलाइन ट्यूबरक्युलॉइड प्रकार. त्वचेच्या चिरेचा नमुना जंतूंसाठी नकारात्मक आला. या प्रकारात तो बहुधा तसाच येतो आणि त्यावरून निदान मागे घ्यायचं नसतं. उपचार अहवालासाठी अडवून ठेवले नाहीत.

चट्टे पाचांपेक्षा कमी असले तरी एकापेक्षा अधिक नसा बाधित असल्याने बाई बहुजंतू (शरीरात जंतू जास्त असलेल्या) गटात मोडल्या: १२ महिने बहुविध औषधोपचार. २०२५ पासून राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात अल्पजंतू (जंतू कमी असलेल्या) गटालाही तिन्ही औषधं दिली जातात, फरक राहिला मुदतीचा. महिन्याचं एक पाकीट, प्राथमिक आरोग्य केंद्रातून फुकट. पहिल्या दिवशी आरोग्य कर्मचाऱ्यासमोर रिफॅम्पिसिन ६०० मिलिग्रॅम, क्लोफाझिमिन ३०० आणि डॅप्सोन १००. मग रोज डॅप्सोन १०० आणि क्लोफाझिमिन ५०. लघवी लाल होईल, घाबरू नका. त्वचा हळूहळू सावळी होईल, औषध संपल्यावर उतरेल. पहिल्या दीड महिन्यात ताप येऊन अंगावर पुरळ आलं, तर पुढची गोळी न घेता लगेच दाखवायला या, हे दोनदा सांगितलं, कारण डॅप्सोनची तीव्र प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. हिमोग्लोबिन आधी पाहिलं.

घाई होती ती नसेची. बहुविध औषधं जंतू मारतात. सुजलेली नस वाचवायला स्टेरॉइड लागतं. ताकद कमी होऊन सहा महिने उलटले नसतील तर ती परत येण्याची आशा असते, म्हणून चार महिन्यांचा तो पॅकिंगचा तपशील इतका मोलाचा. प्रेडनिसोलोन रोज ४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी कमी करत १२ आठवडे. त्याआधी साखर, रक्तदाब, जंताचं औषध. नस दुखती होती तोवर हात गळ्यात अडकवून विश्रांती.

तेलाच्या त्वचादाहाचा उपचार वेगळा आणि सरळ. डाव्या हाताच्या तीन बोटांवर जोरकस स्टेरॉइड मलम ठरावीक दिवसच, मग नुसतं व्हॅसलीन. रॉकेल बंद: आधी खोबरेलाने तेल सैल करायचं, मग साधा साबण. बधिर करंगळीसाठी रोज झोपण्याआधी दोन्ही हात उजेडात बघायचे, पाण्यात भिजवून तेल लावायचं, तव्याला फडकं किंवा लाकडी मूठ. चूल सोडा असं सांगणं सोपं होतं. त्यांच्याकडे सिलिंडर होता, तो पाहुणे आले की वापरायचा.

सगळ्यात अवघड भाग औषधांचा नव्हता. निदान ऐकल्यावर बाईंनी दोनच गोष्टी विचारल्या: कारखान्यात कळेल का, आणि मुलाचं लग्न ठरतंय, तिकडे कळेल का. संसर्गाबद्दल विचारलंच नाही. मी सांगितलं की औषध सुरू झाल्यावर संसर्गाची भीती लवकरच राहत नाही, वेगळं राहायची, वेगळं ताट ठेवायची काही गरज नाही, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्याने २०१९ मध्येच काढून टाकलं आहे. हे ऐकून त्यांना किती दिलासा मिळाला माहीत नाही. गावात कायदा नंतर पोचतो. त्यांनी एकच अट घातली, की कार्यक्रमाचा फलक लावलेली गाडी दारात यायला नको. आशाताई संध्याकाळी साध्या कपड्यांत, दुधाच्या निमित्ताने गेल्या. नवरा, मुलगा आणि सासूबाई यांची तपासणी झाली, कोणाला लक्षण नव्हतं. नियमानुसार त्यांना रिफॅम्पिसिनचा एकच प्रतिबंधक डोस दिला.

कारखानदाराला आम्ही फक्त त्वचादाहाची चिठ्ठी दिली: कटिंग नको, ग्रेडिंगला बसवा. ती खोटी नव्हती. ग्रेडिंगमध्ये गर अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी चाळले जातात, तिथली संवेदना त्यांची पूर्ण शाबूत होती, आणि तेलाशी संबंध जवळपास संपतो. मजुरी थोडी कमी झाली.

पुढे

तीन महिन्यांनी डाव्या हाताच्या भेगा भरल्या होत्या. उजव्या नसेचं दुखणं गेलं. अनामिकेची पूर्ण आणि करंगळीच्या बुडाची संवेदना परत आली, टोकाची आली नाही. करंगळी बाहेर ताणण्याची ताकद सुधारली, पण पूर्ण नाही. नवा फोड नव्हता. सहाव्या महिन्यात एकदा कोपरात पुन्हा दुखू लागलं तेव्हा त्या स्वतःहून आल्या, आणि स्टेरॉइडचा छोटा कोर्स पुन्हा द्यावा लागला. अशा प्रतिक्रिया औषधं चालू असताना आणि संपल्यावरही येऊ शकतात. पाकिटं संपली की रुग्ण संपला असं समजून नोंदवही बंद करू नये, एवढं वैद्यकीय अधिकाऱ्यांना मी मुद्दाम लिहून कळवलं.

त्या सीएमईनंतर माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांत थोडा फरक पडला आहे. पूर्वी 'हाताचा एग्झिमा, तपासून उपचार व्हावेत' एवढंच असायचं. आता काही चिठ्ठ्यांच्या मागे पेनने काढलेला तळवा असतो आणि त्यावर बधिर भाग रेघा मारून दाखवलेला असतो. त्यातल्या एका रुग्णाची नस खरोखर कोपराशी दबलेली निघाली आणि तो रुग्ण अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेला. दुसरा मालवणचा मच्छीमार होता, त्याला मधुमेह निघाला. कुष्ठरोग निघाला नाही म्हणून ती चिठ्ठी वाया गेली असं नाही. त्या दोघांनाही आणखी सहा महिने मलम चोळत राहावं लागलं असतं.

बाईंच्या बाबतीत आता शस्त्रक्रियेचा प्रश्न आहे. करंगळी आणि अनामिकेचा वाक अजून मऊ आहे, सांधे आखडलेले नाहीत, त्यामुळे दुसऱ्या स्नायूचा दोर वळवून बोटं सरळ करता येतील. ती औषधोपचार संपून आणि नस शांत राहून काही महिने गेल्यावर करायची असते, आणि त्यासाठी कार्यक्रमातून रुग्णाला १२,००० रुपये मिळतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात प्लास्टरमध्ये, मग व्यायाम. बाईंनी हिशेब केला आहे: काजूची नवी बी फेब्रुवारीपासून येते, त्याआधी हात मोकळा हवा, आणि मुलाचं लग्न मार्गशीर्षात आहे. तारीख त्या दोन्हींच्या मध्ये कुठे बसते ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरायचं आहे.